आपली चिंधी, त्यांची ऊब

परवा माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं आणि दुपारभर त्यातच रमले. सासूबाईंची दोन सुती लुगडी, यांचे विरलेले सदरे, लेकीचे लहानपणीचे फ्रॉक. आमचं कारंजा कापसाच्या मुलखातलं. या भागातल्या कापसासाठीच इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत 'शकुंतला' धावू लागली. गाडी बंद पडली, पण सुती कापड टाकून देणं अजूनही आमच्या जिवावर येतं. मग त्याची गोधडी होते.

वर्षभरात माझ्या हातून तीन गोधड्या झाल्या. पहिली भाचीच्या बाळाचं दुपटं, दुसरी यांच्या सदऱ्यांची चौकटीचौकटींची. तिसरी सासूबाईंच्या लुगड्यांची. तिला मात्र चार महिने लागले. वरखाली लुगडं, मध्ये जुन्या चादरी, कडा आत दुमडून घ्यायच्या. मग काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. असं केलं की आतलं कापड सरकत नाही, गोळा होत नाही. टाका सरळ आला नाही तरी चालतो, पण गाठ आत लपली पाहिजे. नाहीतर ती अंगाला टोचते.

पण मैत्रिणींनो, आज सांगायचं आहे ते चौथ्या गोधडीबद्दल.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भिशीत विषय निघाला. गावाबाहेर वीटभट्टीवर कामाला आलेली कुटुंबं पालं टाकून राहतात, थंडीत लेकरं कुडकुडतात, त्यांना गोधड्या देऊ. झालं! सगळ्यांनी कपाटं रिकामी केली. नायलॉनच्या साड्या, जरीचे ब्लाउज, पडद्यांचं कापड, जे आलं ते जोडलं. आठ गोधड्या झाल्या. दिसायला अशा झकास की देताना फोटोसुद्धा काढले.

महिन्याभराने मी पुन्हा तिकडे गेले. आमची एक गोधडी पालाच्या तोंडाशी वारा अडवायला टांगलेली, दुसरी सरपणावर झाकलेली. मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर रागही आला. तिथल्या एका बाईला विचारलंच. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. ती संकोचली, मग म्हणाली, "बाई, देखणी हाय वं गोधडी. पण लेकराला तिच्यात घाम येते, अन् ते जरीचं टोचते. ओली झाली का दोन दोन दिवस वायत नाही. धुवाले पानी कुठून आणू?"

मी गप्पच झाले. आपण दान केलं की आपलं कपाट आवरलं? आठ गोधड्या शिवताना तिला काय हवं, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. १८७६ साली शेंडगावला जन्म, लहानपण आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे. अंगावर चिंध्यांची गोधडी, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. चिंधी त्यांनी स्वतः पांघरली. उघड्याला मात्र वस्त्र द्या, असं ते सांगत. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, चांगलं ठेवून घेतलं आणि नको ते वाटलं. दिल्लीत १९९९ मध्ये 'गूंज' संस्था सुरू करणारे अंशू गुप्ता हेच सांगत आले आहेत, की कपडा ही भीक नव्हे, घेणाऱ्याचा मान त्यात राहिला पाहिजे. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढच्या रविवारी आम्ही चौघीजणी भट्टीवर गेलो, रिकाम्या हाताने. नुसतं विचारायला. बायका म्हणाल्या, गोधडी पातळ हवी, गडद रंगाची, लवकर वाळणारी. झोळीत घालायला लहान दुपटी हवीत. आणि त्या कडेवरच्या लेकराच्या आईने आमच्या गोधडीचा टाका पाहून हसत सांगितलं, "लय दूर दूर घातला टाका. एका धुण्यात उसवते." सुई तिच्याच हातात दिली. आमच्यापेक्षा बारीक टाका होता तिचा! त्या दिवसापासून कापड आमचं, टाके सगळ्यांचे. त्या हिवाळ्यात चौदा दुपटी झाली.

तुम्हालाही असं काही करावंसं वाटलं, तर आमच्या चुकांतून शिकलेल्या या चार गोष्टी:

कापड सुतीच घ्या आणि आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. विरलं असेल तर ते आतल्या थरात घाला, वर नको.

तान्ह्या बाळासाठी दोन-तीन थर पुरेत. बटणं, टिकल्या, जर, लोंबते धागे काढून टाका. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं जाड पांघरूण कधीच नको.

दोरा नवा, पक्का घ्या. कापड जुनं चालतं, दोरा जुना चालत नाही.

आणि सुई ओवण्याआधी, ज्यांना द्यायचं त्यांना विचारा.

माळ्यावरच्या गाठोड्यातलं सासूबाईंचं हिरवं लुगडं मी वेगळं काढून ठेवलं आहे. काठ अजून शाबूत आहे, कापड लोण्यासारखं मऊ झालंय. घरासाठी ठेवायचा मोह होतोच. पण यंदा भट्टी सुरू झाली की त्याची पाच दुपटी सहज होतील.