रंगाला ८७ने भागता येत नाही

डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर लांब. १९६२मध्ये ते अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून भारतात आले, १९६४पासून वाराणसीत बनू लागले आणि पुढे काही दशके देशभरातल्या गाड्या त्याने ओढल्या. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, त्याची प्रतिकृती १९.७ सेंटिमीटरची होते. लांबी, रुंदी, चाकाचा व्यास सगळे ८७ने भागता येते. रंगाचे कण, थेंबाचा पृष्ठताण आणि खोलीतला उजेड मात्र आहेत तेवढेच राहतात. प्रतिकृती रंगवणाऱ्याची कसरत इथूनच सुरू होते.

आधी जाडीचा हिशेब पाहू. खऱ्या इंजिनावरचे २० मिलिमीटर रुंदीचे बोल्टचे डोके प्रतिकृतीवर पाव मिलिमीटरहूनही लहान असते, तर कॅबजवळच्या कठड्याच्या दांड्यांसाठी सुमारे ०.३५ मिलिमीटरची पितळी तार लागते. ब्रशने दिलेला रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर भरला, तर तो खऱ्या इंजिनावर चार मिलिमीटरहून जाड लेप दिल्यासारखाच. असे दोन-तीन हात फिरले की रेडिएटरची जाळी बुजते आणि बोल्ट गायब होतात. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या सांगाड्यातही जाडीचीच अडचण येते. छपाईचा एकेक थर ०.०५ मिलिमीटरचा असला, तरी अस्तराचा करडा हात बसताच त्या पायऱ्या उठून दिसतात. मग ओल्या पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा अस्तर द्यायचे आणि पुन्हा तपासायचे.

म्हणून एअरब्रश हवा. त्याच्या टोकाचे छिद्र जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे असते. कॉम्प्रेसरमधून चौरस इंचाला १५ ते २० पौंड दाबाची हवा त्याच्याभोवतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. एअरब्रश फार लांब धरला तर हे तुषार पोहोचेपर्यंत वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळ धरला तर ओघळ येतात.

इंजिनावरच्या पिवळ्या पट्ट्यांची गंमत वेगळीच. बरीच पिवळी रंगद्रव्ये प्रकाश पुरता अडवू शकत नाहीत, त्यामुळे गडद रंगावर पिवळा दिला तर तो मळकट दिसतो. याउलट पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७च्या आसपास असल्याने तो खालचे चांगले झाकतो. म्हणून आधी पांढरा, त्यावर पिवळा, मग पट्ट्यावर मास्किंग टेप आणि शेवटी गडद रंग, असा क्रम ठरलेला. टेपच्या कडेखाली केशाकर्षणाने रंग शिरू नये म्हणून ती कड आधी खालच्याच रंगाच्या पातळ हाताने बंद करतात.

आता उजेड. भर दुपारी उन्हात उभ्या इंजिनावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, तर दिवे लावलेल्या खोलीत तो काहीशे लक्सच असतो. प्रकाश कमी झाला की तोच रंग डोळ्याला मंद, कमी भडक वाटतो. रंगविज्ञानात याला हंट परिणाम म्हणतात. शेडमधल्या डब्यातलाच रंग आणून लावला तरी प्रतिकृती काळवंडलेली दिसते, ती यामुळे. अनुभवी माणूस मूळ छटेत थोडा पांढरा किंवा करडा मिसळतो आणि निव्वळ काळा तर टाळतोच. बोग्यांवर, म्हणजे चाके बसवलेल्या सांगाड्यांवर, गडद करडा चढतो. त्याचा एक जास्तीचा फायदा भारतीय प्रतिकृतींना मिळतो. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला एचओ मापात १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा, पण बाजारात मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा. चाकांमधले हे कमी अंतर गडद, तकाकी नसलेल्या बोगीखाली पटकन लक्षात येत नाही.

इंजिनाचा क्रमांक आणि अक्षरे डिकॅलने येतात. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची ही पातळ फिल्म खडबडीत रंगावर बसवली, तर तिच्याखाली हवेचे कप्पे राहतात. हवा आणि फिल्म यांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने प्रकाश विखुरतो आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक येते. यासाठी आधी चकचकीत वॉर्निश, मग डिकॅल, मग फिल्म मऊ करणारे द्रावण आणि सरतेशेवटी मॅट वॉर्निश. मॅटमधले सिलिकाचे सूक्ष्म कण प्रकाश सगळीकडे उधळतात आणि तकाकी घालवतात.

नवेकोरे दिसणारे इंजिन मग मळवायचे. फटींमध्ये अतिशय पातळ केलेला काळपट तपकिरी रंग सोडला की केशाकर्षण त्याला आपोआप कोपऱ्यांत नेते. सपाट जागी तो साचला तर मात्र बशीखालच्या चहाच्या डागासारखी गडद कड उमटते, कारण थेंबाची कड आधी सुकते आणि आतला द्रव कण घेऊन तिकडे धावतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७मध्ये याचे स्पष्टीकरण दिले.

मळ कुठला आणि का, हे मूळ यंत्र सांगते. चालकाने नॉच, म्हणजे थ्रॉटलची पायरी, झपाट्याने वाढवला की इंधन लगेच जास्त जाते, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा अपुरी पडते, ज्वलन अर्धवट होते आणि काळा धूर निघतो. म्हणून धुराड्याभोवतीच्या छतावर काजळी. बिडाच्या ब्रेक ब्लॉकची झीज गंजून बोग्यांवर तांबूस थर धरते. डिझेल टाकीच्या तोंडाखाली सांडलेल्या तेलाचे ओघळ ओलसर चमकतात, तेवढ्यापुरते चकचकीत वॉर्निश पुन्हा बाहेर येते. कोकणात धावलेले इंजिन असेल तर खालच्या कडांना जांभ्या मातीची लाली हवी. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि बाजारात डबीत मिळणारी गंजाच्या रंगाची पूडही त्याचीच.

चाकांची धाव मात्र रंगवायची नाही. खऱ्या इंजिनावर ती रुळाशी घासून लखलखते. प्रतिकृतीत तर मोटरला लागणारी वीज रुळातून चाकांच्या याच भागामार्गे पोहोचते आणि रंग वीजरोधक असतो. थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने धाव पुसून घेतल्यावरच इंजिन रुळावर ठेवतात.