चिक्कणितचित्र व कर्तनसजावट (कोलाज व डेकूपाज)

कागद, कापड, छायाचित्रे, तिकिटे इ. वस्तूंचे तुकडे एखाद्या पृष्ठावर चिकटवून केलेल्या चित्ररचनेस चिक्कणितचित्र (कोलाज) म्हणतात. कागदातून कापून काढलेल्या आकृत्या पेटी, तबक, पडदा यांसारख्या वस्तूंवर चिकटवून त्यांवर रोगणाचे अनेक हात देण्याच्या कारागिरीस कर्तनसजावट (डेकूपाज) अशी संज्ञा आहे. ‘चिकटविणे’ व ‘कापून काढणे’ या अर्थांच्या फ्रेंच क्रियापदांवरून ही नावे आली.

नावे अर्वाचीन असली, तरी कृती जुनी आहे. जपानमध्ये बाराव्या शतकात रंगीत कागदांचे फाडलेले व कापलेले तुकडे जोडून त्यांवर सुलेखनात काव्ये लिहीत. यूरोपात अठराव्या शतकात पूर्वेकडील लाखकामाच्या सामानाला मोठी मागणी होती. ते महाग असल्याने व्हेनिसमधील कारागीर छापील चित्रे रंगवून, कापून लाकडावर चिकटवीत व त्यांवर रोगण चढवीत. ‘गरिबांचे लाखकाम’ असे त्यास म्हणत. पण पुढे श्रीमंत घरांतील स्त्रियांचाही तो छंद झाला. इंग्लंडमधील मेरी डिलेनी (१७००–८८) यांचे काम मात्र छंदाच्या पलीकडचे आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी रंगीत कागदाच्या बारीक कपट्यांतून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडे साकारण्यास आरंभ केला आणि दृष्टी मंदावेपर्यंत सु. दहा वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रे पूर्ण केली. वनस्पतिशास्त्रीय अचूकतेसाठी नावाजलेली ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

१९१२ मध्ये पाब्लो पिकासोने वेताच्या विणीचा नमुना छापलेले मेणकापड आपल्या एका स्थिरवस्तुचित्रात चिकटविले. त्याच वर्षी झॉर्झ ब्राकने लाकडी पोत छापलेला भिंतीचा कागद वापरला [→ घनवाद]. चित्रातील वस्तू खरी की भासमय, हा प्रश्न त्यामुळे प्रेक्षकापुढे उभा राहिला. पुढे कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, वेष्टने व रद्दी यांतून रचना केल्या, तर हाना होखने वृत्तपत्रीय छायाचित्रांच्या तुकड्यांतून तत्कालीन जर्मन समाजावर टीका केली. आंरी मातीस याने उतारवयातील आजारपणात रंगविलेले कागद कात्रीने कापून भव्य रचना सिद्ध केल्या.

भारतात भूपेन खक्कर यांनी १९६० नंतरच्या दशकात देवदेवतांच्या बाजारी छापील चित्रांचा आपल्या चिक्कणितचित्रांत उपयोग केला. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–८०) यांची दृष्टी १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. त्यानंतर त्यांनी इतर माध्यमांबरोबर रंगीत कागदाच्या कर्तनरचनाही केल्या. कागदाची कड बोटाला कळते, रंगाची रेषा कळत नाही; दृष्टिहीन चित्रकाराच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होता.

या कृतीचे यश पुष्कळ अंशी कागद व चिकटद्रव्य यांच्या निवडीवर अवलंबून असते. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो व सुकताना आकसतो. त्यामुळे पातळ पुठ्ठ्यावर एकाच बाजूस कागद चिकटविल्यास पुठ्ठा वाकतो. मागील बाजूसही तसाच कागद लावणे हा यावरील साधा उपाय होय. मैद्याची खळ स्वस्त आणि पाण्याने सुटणारी आहे. परंतु पावसाळ्यात तिला बुरशी धरते व कसर लागते. पुस्तकबांधणीत ती टिकावी म्हणून मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात वापरू नये. डिंकाचा थर कालांतराने ठिसूळ होतो. पॉलिव्हिनिल ॲसिटेटयुक्त पांढरा गोंद पक्का बसतो, मात्र एकदा सुकल्यावर तो सहजासहजी काढता येत नाही. वृत्तपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक राहत असल्याने तो प्रकाशात पिवळा पडतो. पिकासो व ब्राक यांच्या चित्रांतील वृत्तपत्रांचे तुकडे आज तपकिरी दिसतात. त्यांची मूळची रंगसंगती आपण पाहतो आहोत, असे समजणे चुकीचे ठरेल.

कर्तनसजावटीत प्रथम चित्रावर पातळ लाखरोगणाचा हात देतात. त्यामुळे कागद कडक होतो व शाई पसरत नाही. मग लहान, बाकदार टोकाच्या कात्रीने आतील भाग आधी व बाह्यरेषा नंतर कापतात. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरविणे सोयीचे असते. चिकटविल्यावर मध्यापासून कडेकडे बोटांनी दाबत हवा व जादा गोंद बाहेर काढतात. तो पूर्ण सुकण्यापूर्वी रोगण दिल्यास फोड येतात, आणि नवशिक्यांचे काम बहुधा येथेच बिघडते. रोगणाचे दहा ते वीस, प्रसंगी त्याहूनही अधिक हात देतात. प्रत्येक हात सुकू देऊन, काही थर चढल्यावर बारीक पॉलिशकागदाने पृष्ठ घासतात. बोट फिरविले असता कागदाची कड जाणवेनाशी झाली, म्हणजे काम पुरे झाले असे मानतात.

अठराव्या शतकात या छंदापायी अनेक मूळ मुद्राचित्रे कात्रीखाली गेली. केवळ कापण्यासाठीच चित्रांचे संग्रह छापले जाऊ लागले, ते काही अंशी उपकारकच ठरले. जुने ग्रंथ, नकाशे वा छायाचित्रे वापरावयाची असल्यास त्यांची प्रत काढून ती कापावी.