दोन पत्त्यांचं गाव

जुलै अर्धा सरला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" कशाचे फूट, हे कुणी विचारत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. शहरातल्या बहुतेकांना हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे. चहा पिताना मोबाइलवर बघायचे, 'वाढतंय' म्हणायचं आणि कामाला लागायचं. तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या प्रयाग चिखलीत मात्र म्हशींची दावी कधी सोडायची, हे याच आकड्यांवर ठरतं.

शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की आंबेवाडी येते आणि फाट्यावरून आत वळलं की चिखली. करवीर तालुक्यातलं हे गाव जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जाणाऱ्या हजारो गाड्यांच्या वाटेला लागून आहे, पण आत वळणारे थोडेच. वळतात ते बहुधा संक्रांतीला. इथल्या संगमावर संक्रांतीपासून माघस्नानाचा पर्वकाळ सुरू होतो आणि पुढं महिनाभर पहाटेच्या थंडीत भाविकांची ये-जा असते. तेव्हाची नदी इतकी शांत, घोट्याशी खेळणारी असते की जुलैतली तीच ही, असं सांगून नवख्याला पटायचं नाही.

चार नद्या, एक दार

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार दिसणाऱ्या नद्या आणि पाचवी श्रद्धेतली गुप्त सरस्वती, असा पंचगंगेचा हिशोब आहे. या सगळ्यांचं पाणी प्रयागाला एकत्र येतं आणि तिथून नदीला पंचगंगा म्हणतात. कासारी विशाळगड-गजापूरच्या डोंगरातून उतरते, कुंभी गगनबावड्याच्या बाजूनं येते, भोगावती राधानगरीच्या जंगलातून. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर गगनबावड्यात त्याच्या पाचपटीच्या वर. म्हणजे चिखलीत ऊन पडलेलं असतानाही चिखलीचा पूर वर घाटात तयार होत असतो.

या नद्यांवर आता धरणं आहेत. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठरावीक उंचीला भरला की कुणी कळ न दाबता ते आपोआप उघडतात. 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले' ही बातमी खालच्या गावांत पोचते तेव्हा ते पाणी अजून वाटेत असतं. ही मधली वेळ म्हणजे गावाच्या हातातलं भांडवल.

पाणी येतं वेगानं आणि जातं मात्र रेंगाळत. प्रयागापासून नृसिंहवाडीपर्यंतच्या ऐंशीएक किलोमीटरमध्ये पंचगंगेला उतार बेताचाच मिळतो. वाडीला कृष्णा दुथडी भरून वाहत असली तर ती पंचगंगेचं पाणी सहज आत घेत नाही. मग पाणी मागं फुगत येतं. या फुगीत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाटा किती, हा वाद दर पावसाळ्यात नव्यानं पेटतो. त्यात शहराजवळच्या पूरक्षेत्रात पडलेले भराव आणि उठलेल्या इमारती. पाण्यानं पसरायची जागा आखडली की ते उंच होतं, एवढं समजायला अभियंता असावं लागत नाही.

रेडेडोह फुटला

पुराची स्वतःची एक भाषा कोल्हापूरनं घडवली आहे. 'पाणी पात्राबाहेर पडलं' ही पहिली पायरी. तेव्हा काठावरच्या शेतकऱ्यांची मोटारी वर ओढायची धांदल उडते, कारण उसाला पाणी देणारे पंप नदीच्या अगदी कडेला बसवलेले असतात. शिवाजी पुलाच्या दगडी खांबावरच्या ठरलेल्या खुणेला पाणी लागलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणायचं. आणि 'रेडेडोह फुटला' म्हटलं की चिखली-आंबेवाडीच्या माणसानं पुढचं बोलणं थांबवून गावाकडं पळायचं. पुलाच्या अलीकडं-पलीकडं पात्र सोडून नदी या डोहाजवळून शेतांत घुसते, रस्त्यावरून वाहू लागते आणि गावाची वाट तोडते. नंतर निघायचं ते नावेतूनच.

२०१९च्या ऑगस्टमध्ये नेमकं हेच झालं. पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. मागच्या पुरांच्या अनुभवावर विसंबून माणसं घरांत थांबली होती. जुन्या जाणत्यांनी भिंतीवर दाखवलेली खूण पाण्यानं मागं टाकली, माळे आणि गच्च्या गाठाव्या लागल्या. शेवटी बचाव दलांच्या बोटींनी माणसं बाहेर काढली. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पंचगंगेनं ५६ फूटही ओलांडले.

माळावरचा दुसरा पत्ता

इतकं होऊनही गाव तिथंच का, हा प्रश्न दर पुरात टीव्हीवरून विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा माहीत नसतं की या गावाला दुसरा पत्ता कधीच मिळाला आहे. १९८९च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा दिली गेली. शाहू महाराजांचा कॅम्प जिथं असे तीच ही सोनतळी, उंच माळावरची. तिथं भूखंड पडले, घरं उभी राहिली. काही कुटुंबं कायमची वर गेली, पण बरीच खालीच राहिली किंवा दोन्हीकडं राहू लागली.

याचं उत्तर गावातल्या कुठल्याही गोठ्यात उभं राहिलं की मिळतं. पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीत घालायचं, मग शेतात जाऊन वैरण आणायची. दुपारी म्हशींना पाणी, संध्याकाळी पुन्हा धारा. एका दुभत्या म्हशीला दिवसाला ओल्या वैरणीचे भारेच्या भारे लागतात. ऊसतोडीच्या दिवसांत वाडं मिळतं, एरवी बांधावरचं गवत आणि मका. ही सगळी वैरण नदीकाठच्या मळीच्या रानात आहे. माळावर राहायला गेलं तर रोज खाली उतरायचं आणि डोक्यावर किंवा गाडीत ओझं घेऊन वर चढायचं, तेही दिवसातून दोनदा. भूखंडावर घर बसतं; गोठा, उकिरडा, कडब्याची गंज आणि दारात फिरणारी जनावरं बसत नाहीत.

त्यात १९८९ला एका घरात असलेले तीन भाऊ आता तीन घरांत आहेत. त्यांच्या मुलांची लग्नं झाली, चुली वाढल्या, भूखंड तेवढाच राहिला. पुनर्वसनाच्या कागदावर कुटुंबं मोजतात ती त्या दिवसाची. गाव मात्र वाढत राहतं.

आणि मळीची माया आहेच. पूर ओसरल्यावर रानात राहिलेला गाळ पुढच्या पिकाला लाभतो. उसाच्या शेंड्यात गाळ गेला तर ते पीक संपलं, हे खरं. पण या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीतून निघणारा ऊस आणि त्याचा गूळ, यांवरच करवीर भागातल्या पिढ्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ढेपेतली गोडी नदीकाठच्या रानांतून येते. रात्री गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध फेसासकट पिणाऱ्या शहरालाही आसपासच्या अशाच गावांनी पोसलं आहे. 'ही माणसं हटत का नाहीत' असं म्हणणाऱ्यानं हातातला पेला एकदा नीट बघावा.

तराफा आणि दावं

नदीकाठी राहणाऱ्यांनी जगभर आपापली तोड काढली आहे. इंडोनेशियात सुमात्रा बेटावरच्या मुसी नदीकाठी 'रुमाह राकित' असतात. राकित म्हणजे तराफा. घरच तराफ्यावर बांधलेलं, पाणी चढलं की घर चढतं, उतरलं की उतरतं. काठावरची घरं उंच खांबांवर उभी, त्यांना 'रुमाह पांगुंग' म्हणतात. खालून पाणी खुशाल जावं. आमच्याकडं असं का नाही, असा मोह होतो. पण तिथलं पाणी रोजच्या ओळखीचं आहे. इथलं पाणी वर्षभर पायाशी असतं आणि एखाद्या वर्षी आठ दिवस छपराशी येऊन बसतं. शिवाय तराफ्यावर चार म्हशी बांधून बघा.

आपल्याकडच्या जुन्यांनी टेकडी निवडली होती. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. नदीपासून हाकेच्या अंतरावर, पण जरा उंचावर.

चिखलीनं काढलेली तोडही त्याच जातीची आहे, फक्त तिला पाय आहेत. २०१९नं गावाला शिकवलं ते हे की मागच्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. आता आकडा इशाऱ्याकडं सरकू लागला की दावी सुटू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वैरण, भांडी, धान्याची पोती. मागून म्हशींची रांग. रेडेडोह फुटायच्या आत सोनतळी गाठायची. म्हाताऱ्यांना आधी, दुभत्यांना त्यांच्याबरोबर. पाणी उतरलं की पुन्हा खाली, चिखल उपसायला.

सरकारी नोंदीत याला 'तात्पुरतं स्थलांतर' म्हणतात. चिखलीच्या बाबतीत ते आता शेतीच्या वेळापत्रकाचाच भाग झालं आहे, पेरणी-खुरपणीसारखं. म्हणून गावासाठी काही करायचंच असेल तर ते 'हटवा' आणि 'राहू द्या' यांच्या मधोमध करावं लागेल : माळावर घराइतकीच गोठ्याला जागा, तिथं वैरण आणि पाण्याची सोय, वाढलेल्या चुलींना हक्काचा तुकडा आणि पुरात न तुटणारा रस्ता. गावानं दोन पत्ते कधीच मान्य केले आहेत. दुसऱ्या पत्त्यावर म्हशीचंही नाव लिहायचं तेवढं राहिलं आहे.