पाताळातील दिवा

अल्लाउद्दीनने दिवा घासताच राक्षस प्रकट होत असे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांच्या १८६४ सालच्या एका कादंबरीतील दिवाही असाच अद्भुत वाटतो. प्राध्यापक लिडेनब्रॉक, त्यांचा पुतण्या अ‍ॅक्सेल आणि वाटाड्या हान्स हे तिघे आइसलँडमधील एका ज्वालामुखीच्या मुखातून पृथ्वीच्या पोटात उतरतात. तेथे ना सूर्य, ना चंद्र! त्यांची सारी भिस्त रुमकॉर्फ दिव्यावर असते.

हा दिवा मात्र केवळ कल्पनेतला नव्हे. खाणीत साचणारा वायू उघड्या ज्योतीने पेट घेई आणि कामगारांचे प्राण जात. म्हणून फ्रान्समध्ये १८६२ साली ड्यूमा व बेन्वा यांनी ज्योतीवाचून उजळणारा दिवा तयार केला. विद्युतघट आणि रुमकॉर्फ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले तारेचे वेटोळे खांद्यावरच्या पिशवीत असे. घटाचा अल्प विद्युतदाब हे वेटोळे अनेक पटींनी वाढवी. त्या दाबामुळे काचेच्या नळीतील विरळ वायूतून वीज वाहू लागे व तो वायू उजळे. नळी बंद असल्याने बाहेरचा वायू पेटण्याचे भय नसे.

कादंबरीत अ‍ॅक्सेल वाट चुकतो. पडल्यामुळे बिघडलेला त्याचा दिवा मंद होत होत विझतो, आणि त्या काळोखात तो वेड्यासारखा धावत सुटतो. प्रकाशाचे मोल तेव्हा त्याला उमगते. खाणीच्या अंधारात राबणाऱ्या कामगारांना मात्र ते रोजच ठाऊक होते.