कासवाचे पिलू आणि वजनाची वही

कामगार संघटनेत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून कासवाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. शाळाही अर्ध्यावर सुटली. परंतु नोंद कशी ठेवावी आणि कशी वाचावी, एवढे युनियनच्या कामाने मला शिकविले. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

धाकट्या मुलीच्या हट्टापायी आम्ही लाल कानाच्या कासवाचे पिलू घरी आणले. ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडले. पिलू रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे होते. पहिल्याच हिवाळ्यात ते मेले. आदल्या दिवसापर्यंत आम्हाला ते ठीक दिसत होते. कवचाच्या आत जीव वाळत गेला तरी बाहेरून चटकन कळत नाही. त्याचे एकही वजन आम्ही लिहून ठेवलेले नव्हते. दोष आमचाच.

पुढे गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी आपले पिलू आमच्या स्वाधीन केले, तेव्हा मुलीने वही घातली. तिची रीत सांगतो.

वाण्याच्या दुकानातला काटा येथे कामाचा नाही. दहा ग्रॅमच्या पिलात एका ग्रॅमची चूक म्हणजे शेकडा दहाची चूक. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा काटा घ्यावा. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, पिलू फडक्याने टिपून आत ठेवावे. आठवड्याचा वार एकच, वेळ एकच, आणि तीही खाणे घालण्यापूर्वीची. कारण पोटातले अन्न व अंगावरचे पाणीही वजनात धरले जाते. शेजारी कवचाची सरळ लांबी आणि पाण्याचे तापमान लिहावे. मग साबणाने हात धुवावेत. या कासवांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंनी मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आता वाचन. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. महागाईचा निर्देशांक आम्ही मागच्या आकड्यांशी ताडून पाहतो, तेव्हाच भत्त्याची मागणी उभी राहते. येथेही तसेच आहे. लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट व्हावे. कारण प्राणी रुंदीत आणि उंचीतही वाढतो. लांबी वाढते आहे आणि वजन जागच्या जागी आहे, तर काही बिघडले असे समजावे. दुसऱ्या जातीचा तक्ता मात्र लावू नये. ब्रिटनमधील पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी लांबी व वजन यांचा मेळ घालून दाखविला तो भूमध्यसागराकाठच्या जमिनीवरील कासवांसाठी. आपल्या पिलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी.

डिसेंबरात आमच्या वहीत तीन आठवडे तोच आकडा आला. चौथ्या आठवड्यास तो उतरला. पिलू तर पोहत होते. पशुवैद्यांनी वही पाहून प्रथम पाण्याचे तापमान विचारले. सरपटणारा प्राणी अंगाची ऊब बाहेरून घेतो; पाणी थंडावले की पचन मंदावते, खाणे सुटते. पाणी कोमट ठेवले, वर ऊन खाण्यासाठी दगड आणि दिवा दिला. महिन्याने आकडा पुन्हा चढू लागला.

चढता आकडा नेहमीच शुभ नसतो, हेही सांगितले पाहिजे. अंगात पाणी साचल्याने, अति खाण्याने, मोठ्या मादीच्या पोटात अंडी असल्यानेही वजन वाढते.

हा सोबती वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि मादी जवळजवळ फूटभर होते. तेव्हा कंटाळा आला म्हणून त्याला नदीत सोडू नये. आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास तो काढून घेतो. आणि आपले तारा-कासव पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

कामगार निदान अर्ज तरी करतो. या जिवाचा अर्ज आपणच दर आठवड्याला लिहून घ्यावयाचा आहे. पहिल्या पिलाचा आम्ही लिहून घेतला नाही, एवढे सांगून आपली रजा घेतो.