उताऱ्याखालचे प्रश्न
इंग्रजीची पारख : लेखांक ७

ही दोन वाक्यं वाचा. ‘सकाळी झुंबाने खरपटात तीन मेंगळ ढोसवले. त्यांतला एक निमटा होता, म्हणून तो लगेच फुसकला.’

आता प्रश्न. झुंबाने किती मेंगळ ढोसवले? कुठे ढोसवले? कोणता मेंगळ लगेच फुसकला? तो का फुसकला?

चारही उत्तरं तुम्ही बिनचूक द्याल. चारपैकी चार गुण मिळतील, आणि तरी मेंगळ हा प्राणी की पदार्थ हे तुम्हाला सांगता येणार नाही. हे शब्द मी मनाने जुळवले आहेत, त्यांना अर्थच नाही. पण ‘ने’ दिसला की करणारा कळतो, ‘त’ दिसला की जागा कळते, ‘म्हणून’ दिसलं की त्याच्या मागचं ते कारण. एवढ्या खुणांवर पूर्ण गुण पदरात पडतात.

गेल्या आठवड्यात सुट्या वाक्यांवरचं व्याकरण पाहिलं. या वेळी उतारा घेऊ, कारण व्याकरण, शब्द आणि वाचन या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. आणि मूल नापास होण्यापेक्षा मोठा घोटाळाही तिथेच होतो. मुलाला वाचता येत नाही, आणि तरी गुणपत्रिका सांगते की येतं.

राज्य मंडळाच्या दहावीच्या कृतिपत्रिकेचा आराखडा शिक्षकांना पाठ असतो, पालकांसाठी थोडक्यात सांगतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी ही तृतीय भाषा. लेखी 80 गुण, अंतर्गत मूल्यमापन 20. लेखीतले 20 गुण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना, 10 कवितेला, आणि पुस्तकाबाहेरच्या, म्हणजे मुलांनी आधी न पाहिलेल्या मजकुराला 15, त्यातलेही 5 सारांशलेखनाचे. दहा गुणांच्या उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी दोन गुणांच्या. पहिली साध्या माहितीची, दुसरी जरा गुंतलेल्या माहितीची, तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी मुलाच्या स्वतःच्या मताची.

आराखडा म्हणून हे मला मनापासून पसंत आहे. व्याकरण आणि शब्द हवेत लटकत न ठेवता उताऱ्याला जोडले आहेत, शेवटी मुलाचं मतही विचारलं आहे. फक्त दोन ठिकाणी पाणी मुरतं. एक म्हणजे पुस्तकातल्या मजकुराला 30 गुण आहेत. तो मजकूर वर्षभर वर्गात झालेला असतो, गाईडमध्ये त्याचे सगळे प्रश्न उत्तरांसकट छापलेले असतात. त्यामुळे त्या 30 गुणांत वाचन किती आणि पाठांतर किती, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरं ठिकाण प्रश्न काढणाऱ्याच्या टेबलावर आहे. चौकट पूर्ण करा, जोड्या लावा, चूक की बरोबर, अशा रूपांत मेंगळ-छाप प्रश्न फार सहज येऊन बसतात. पहिल्या कृतीत ते असायला हरकत नाही, कच्च्या मुलालाही पाय टेकायला जागा हवी. पण गुंतागुंतीच्या कृतीतही तेच आले, तर उतारा वाचण्याचं कारणच उरत नाही.

एक वाक्य जवळून पाहू. इंग्रजीच आहे, लिपी तेवढी आपली. ‘ॲज सून ॲज आजी लुक्ड ॲट द स्काय, शी रॅन अप टु द टेरेस अँड बिगॅन टु गॅदर द पापड्स.’

आजी कुठे धावली? तिने काय गोळा केलं? हे दोन्ही मेंगळ-छाप. आजी गच्चीवर का धावली, हा प्रश्न वरकरणी खोल वाटतो, पण मूल ‘बिकॉज शी लुक्ड ॲट द स्काय’ एवढं उतरवून काढतं आणि तपासणारा गुण देऊन मोकळा होतो. त्याऐवजी विचारून पाहा : आजीला आकाशात काय दिसलं असेल? याचं उत्तर वाक्यात कुठेच नाही. ढग हा शब्द नाही, पाऊस हा शब्द नाही. आकाश, गच्ची, पापड आणि धावणं या चार गोष्टी मुलाच्या डोक्यात एकत्र आल्या तरच ढग दिसतात. एवढं झालं की वाक्य वाचलं गेलं असं म्हणता येतं.

व्याकरणाची कृती घ्या. या वाक्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘नो सूनर... दॅन’ वापरून वाक्य पुन्हा लिहा. मुलांना सूत्र तोंडपाठ असतं : ‘नो सूनर’नंतर ‘डिड’, मग कर्ता, मग क्रियापदाचं मूळ रूप, स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’. ‘नो सूनर डिड आजी लुक ॲट द स्काय दॅन शी रॅन...’ दोन गुण. हे सूत्र झुंबालाही लागू पडतं आणि मेंगळालाही. रचना शिकवू नये असं मी म्हणत नाही. सूत्र बरोबर लावता येणं हेही एक कौशल्य आहे. पण रचना बदलल्याने अर्थाचं काय होतं, हे त्यात कुणी विचारलेलंच नाही.

आता ही दोन वाक्यं पाहा. ‘व्हेन द रेन केम, आजी गॅदर्ड द पापड्स.’ आणि ‘व्हेन द रेन केम, आजी हॅड गॅदर्ड द पापड्स.’ प्रश्न एकच : कोणत्या वाक्यातले पापड कोरडे राहिले? पहिल्यात पाऊस आल्यावर आजीची धावपळ झाली, पापड थोडेफार भिजलेच असणार. दुसऱ्यात पाऊस येण्याआधीच ते घरात आले होते. सगळा फरक त्या ‘हॅड’चा. पूर्ण भूतकाळाची व्याख्या घोकलेलं मूल इथे अडखळू शकतं, आणि व्याख्या न येणारं पण लक्ष देऊन वाचणारं मूल अचूक उत्तर देऊ शकतं. व्याकरण अर्थासाठी असतं ही गोष्ट परीक्षेतूनच मुलाला कळते. असा प्रश्न तयार करायला वेळ लागतो, तपासायला मात्र काहीच लागत नाही.

पापडांचं उदाहरण मी जाणून घेतलं. वाळवण पाहिलेल्या मुलाला ढग चटकन दिसतील. लंडनमधल्या मुलाचं इंग्रजी कितीही चांगलं असो, आजी आकाशाकडे बघून का धावली हे त्याला उमगेलच असं नाही. म्हणजे खोलवरचा प्रश्न विचारला की वाचनाबरोबर मुलाचं जगही मोजलं जातं. यावर एक अभ्यास आहे, त्यात एक मराठी नावही आहे. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी 1979 मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकी आणि भारतीय अशा दोन्ही वाचकांना त्यांनी दोन इंग्रजी पत्रं वाचायला दिली. एकात अमेरिकी लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात भारतीय लग्नाचं. दोन्ही गटांनी आपल्याकडच्या लग्नाचं पत्र जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नात मात्र त्यांनी अर्थ आपल्या पद्धतीने लावले. अमेरिकी नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे ही मानाची, हौसेची परंपरा. एका भारतीय वाचकाला मात्र ती जुन्या फॅशनच्या कपड्यांतली नवरी वाटली. भारतीय पत्रात हुंड्याचा आणि सासरचे स्कूटर मागतील की काय या मुलीच्या आईवडिलांच्या काळजीचा उल्लेख होता. आपल्याकडच्या वाचकाला त्या एका वाक्यात मुलीच्या बापाची सगळी घालमेल कळते. ती परक्या वाचकाला कळावी तरी कशी?

आणखी एक प्रयोग शाळकरी मुलांवरचा आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं, आणि वाचलेला खेळ मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या वर्गात क्रिकेटवरचा उतारा देऊन पाहा. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा इंग्रजीत कसा बोलू लागतो ते दिसेल. तीच चाचणी स्कीइंगवर घेतली तर तोच मुलगा ‘ढ’ ठरतो. म्हणून शंभर गुणांचा निकाल एकाच उताऱ्यावर टांगू नये. विषय वेगवेगळे असे लहान चार-पाच उतारे हे एका लांबलचक उताऱ्यापेक्षा न्याय्य असतात, मग भले पेपर काढणाऱ्याचं काम वाढो.

शब्दांकडे थोडक्यात वळतो, कारण शब्दसंपत्तीवर स्वतंत्र लेखांक येणार आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि हू या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोष्टीतल्या काही शब्दांच्या जागी अर्थहीन शब्द घातले, आपल्या मेंगळासारखेच. शंभरात वीस शब्द अनोळखी असले, तेव्हा एकाही वाचकाला गोष्ट पुरेशी कळली नाही. शंभरात पाच अनोळखी असताना काहींना कळली, पण बहुतेकांना नाही. मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द माहीत हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात तीनच शब्द अनोळखी! आपल्या खेड्यातल्या मुलाला इंग्रजी वर्तमानपत्रातला तुकडा कापून दिला, तर प्रत्येक ओळीत दोन-तीन खाचखळगे निघतात. त्यानंतर त्याच्या आकलनाला गुण देणं म्हणजे त्याच्या अंदाजाला गुण देणं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उतारा इंग्रजी, प्रश्न इंग्रजी आणि उत्तरही इंग्रजीतच, अशी अट घातली की वाचन आणि लेखन यांची सरमिसळ होते. ढग दिसलेलं मूल ‘देअर वेअर डार्क क्लाउड्स’ लिहू शकलं नाही, म्हणून आपण त्याला वाचनात शून्य देतो. ‘असर’च्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी आहे. तिथे मुलांकडून घरी, समोरासमोर, साधी इंग्रजी वाक्यं वाचून घेतली, आणि वाचता आलेल्यांना त्यांचा अर्थ विचारला. वाक्यं वाचता आली 57.3 टक्क्यांना, आणि त्यांतल्या 73.5 टक्क्यांना अर्थही सांगता आला. दोन आकडे वेगळे ठेवले म्हणूनच कळलं की वाचू शकणाऱ्या साधारण चौघांतल्या एकाला आपण काय वाचतोय हे उमगत नाही. एकच आकडा दिला असता तर ही मुलं त्याच्याआड कायमची लपली असती.

शाळेच्या घटक चाचणीत मराठीत उत्तर लिहायची मुभा द्यायला कुणाचीच आडकाठी नाही. निदान दुसऱ्या कृतीसाठी तरी द्या. लेखनाला कृतिपत्रिकेत पत्र आहे, संवाद आहे, बातमी आहे. तिथे इंग्रजी जरूर तपासा. तृतीय भाषेच्या पेपरात भाषांतराला पाच गुण आहेतच. मराठी त्या पेपरात आधीपासून नांदते आहे, तिला उताऱ्याखालीही जागा मिळू दे.

शिक्षकांसाठी दोन कामं. पहिलं, उताऱ्याचा कस तपासायचं. 1953 मध्ये विल्सन टेलर यांनी एका वृत्तपत्रविद्येच्या नियतकालिकात क्लोझ नावाची पद्धत मांडली. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकाने तो भरायचा. ही पद्धत पुढे मुलांच्या परीक्षेसाठी जगभर वापरली गेली, पण टेलर यांना मोजायचा होता मजकूर, तो वाचकाला कितपत झेपतो ते. तुम्हीही तसंच करा. निवडलेल्या उताऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवा, मग दर सातवा शब्द गाळा आणि समांतर तुकडीला द्या. अर्थाने बसणारा कोणताही शब्द चालू द्या. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या, तर दोष उताऱ्याच्या निवडीचा समजा आणि दुसरा उतारा शोधा.

दुसरं काम प्रश्न पारखण्याचं. प्रश्न काढून झाले की उतारा झाकून ठेवा आणि नुसते प्रश्न एखाद्या सहकाऱ्याला द्या. उतारा न वाचताच ज्यांची उत्तरं देता येतात, ते सामान्यज्ञानाचे प्रश्न. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी 1915 मध्ये ‘कॅन्सस मूकवाचन चाचणी’ तयार केली, ती पर्यायी प्रश्नांच्या आद्य चाचण्यांपैकी एक. त्यातला एक प्रश्न होता गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा यांतल्या शेतावर उपयोगी प्राण्याभोवती रेघ ओढण्याचा. चार शब्द ओळखता आले की शेताची माहितीच बाकीचं काम करून टाकते. सहकाऱ्याकडून प्रश्न परत आले की उताऱ्यातल्या नामांच्या आणि क्रियापदांच्या जागी मेंगळ आणि ढोसवणं घालून ते पुन्हा वाचा. तरीही ज्यांची उत्तरं देता येतात, ते नजरेच्या चपळाईचे. या दोन्ही चाळण्यांतून जे प्रश्न उरतील ते दुसऱ्या कृतीत घाला. सुरुवातीला दहांतले दोन-तीनच उरतील, तेवढे पुरेत.

पुढच्या आठवड्यात : पाचवी कृती, म्हणजे मुलाचं ‘स्वतःचं मत’, आणि ते तयार उत्तरांतून कसं वेगळं ओळखायचं.