जाहिरातीतली बाई, जाहिरातीतला पुरुष

खोपोलीच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर चालत गेले की एकच मालिका दारोदार ऐकू येते. मध्ये जाहिराती लागतात. बाया भाकरी थापता थापता मान वळवून त्या पाहतात. क्रिकेटचा सामना असला की टी.व्ही.समोर पुरुष बसतात आणि जाहिराती बदलतात. साबण, मसाले, फरशी पुसायचे औषध जाते. मोटारसायकल, सिमेंट, सळई येते. हा बदल सर्वांना दिसतो, पण त्याची चिकित्सा आपण केलेली नाही. टी.व्ही. म्हणजे मध्यमवर्गाची करमणूक, असे म्हणून कार्यकर्त्यांनी तो विषय बाजूला सारला आणि तो तर आपल्या घरात येऊन बसला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका आली आणि कंपनीच्या पैशावर कथा चालू लागली. कार्यक्रम विकणे हा वाहिनीचा खरा धंदा नव्हे; ती प्रेक्षक विकते. त्यासाठी प्रेक्षक मोजावा लागतो. निवडक घरांत यंत्र बसवतात आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र बटण देतात. कोणत्या वयाची बाई किंवा पुरुष किती वेळ बसला होता हे त्यावरून कळते. घराची प्रतही ठरवतात. मुख्य कमावत्याचे शिक्षण किती आणि ठरावीक ११ वस्तूंपैकी किती घरात आहेत, एवढ्यावर. मग जाहिरातदार मागणी करतो : अमुक वयाच्या, अमुक प्रतीच्या स्त्रिया हव्यात. वर्णव्यवस्थेची उतरंड जन्मावरून लागत होती, ही फ्रीज-वॉशिंग मशीनवरून लागते. खालच्या पायरीवर बहुतेक तीच माणसे सापडतात, हा निव्वळ योगायोग म्हणावा काय?

या मोजणीत बाई धरली जाते ती घरासाठी खरेदी करणारी म्हणून. कमावणारी म्हणून ती पडद्यावर क्वचितच येते. कर्जत-खालापूरची स्थिती काय आहे? वाडीतली कातकरी, ठाकर बाई पहाटे रानभाजी, करवंदे घेऊन नेरळ-कर्जतच्या बाजारात बसते. आमच्या वस्तीतली बाई फार्महाऊसवर झाडलोट करते, कारखान्यात कंत्राटावर जाते. वीटभट्टीवर उचल जोडप्याच्या नावाने दिली जाते, विटा दोघे पाडतात. हिशेबाचे पैसे मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडतात. जाहिरातीने भट्टीमालकाचाच हिशेब उचलला आहे. मोटारसायकल पुरुषाची, घर बांधणारा पुरुष, विमा उतरवणारा बाप. बाईच्या वाट्याला डाग.

डागाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. स्वस्त ‘निरमा’ने बाजार काबीज केला तेव्हा ‘सर्फ’ने १९८० च्या दशकात ललिताजी नावाची घासाघीस करणारी, हिशेबी गृहिणी उभी केली. ती शहाणी होती, हे कबूल केले पाहिजे. पण तिचे सारे शहाणपण नवऱ्या-पोरांच्या कपड्यांपाशी संपले. पुढे संडासाची पाळी आली. ‘हार्पिक’च्या जाहिरातीत प्रसिद्ध नट दार वाजवतो, बाईचा संडास तपासतो आणि तो कसा स्वच्छ करायचा ते तिला शिकवतो. परीक्षक पुरुष, धुणारी बाई. पगारावर संडास धुणारा माणूस तर त्या घरात नाहीच. कर्जतच्या रिसॉर्टांतले संडास कोण धुते, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

स्वच्छतेला आपल्या इतिहासात निराळा अर्थ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जड कथलाचे दागिने टाकायला सांगितले. ती लादलेली ओळख पुसण्याची हाक होती, आणि मागे चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क उभा होता. तिथे बाई समाजाबरोबर ताठ उभी राहत होती. जाहिरात त्याच स्वच्छतेतून पाणी आणि हक्क दोन्ही वगळते आणि उरलेला डाग एकट्या बाईच्या माथी मारते. शेजारीण काय म्हणेल, सासू काय म्हणेल, ही भीती तिची विक्रीकला.

रंगाचेही तेच. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने सावळ्या मुलीला नोकरी आणि नवरा गोरेपणातून मिळतो असे वर्षानुवर्षे दाखवले. जनवादी महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नाव बदलून ‘ग्लो’ झाले ते थेट २०२० मध्ये. दरम्यान २००५ मध्ये ‘फेअर अँड हँडसम’ आले. बायकांचे क्रीम चोरून लावणाऱ्या पुरुषाची त्यात टर उडवली. माल जवळपास तोच, पण बाईला सांगायचे ‘तू कमी आहेस’ आणि पुरुषाला सांगायचे ‘तू बाई नाहीस’. काळ्या रंगाबरोबर आपल्याकडे जातही हिणवली जाते, त्यामुळे वस्तीतल्या मुलीला ही गोष्ट दुप्पट लागते. वाण्याच्या दुकानात पुड्यांची माळ लटकलेली असते. रोजच्या मजुरीतून ती परवडते, ही त्यातली मेख.

१९९४ च्या केबल नियमांतील संहिता सांगते की जाहिरातीत वर्ण-जातीची हेटाळणी नको, स्त्री दुय्यम आणि अधीन दाखवू नये. २०१५ मध्ये ‘एरियल’ने पुरुषांनाही धुण्याचा भार उचलायला सांगितले, हे बरेच झाले. पण ती जाहिरात वॉशिंग मशीनसमोर उभी आहे. खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. भोवतालच्या डोंगरांवरच्या वाड्यांना मात्र फार उशिरा मिळाली. उन्हाळ्यात वाडीतली बाई हंडा घेऊन उतरते, त्या खेपेत भार वाटून घ्यायला पुरुषाला कोणी बोलावलेले नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही टी.व्ही.चा आवाज बंद करून जाहिराती पाहिल्या. बोलणे कोणाशी चालले आहे आणि काम कोण करते आहे, एवढेच मुलांनी वहीत लिहायचे होते. नववीतल्या एका मुलीने तिसरा रकाना आखला : पैसे कोणाचे? तिची आई साफसफाईला जाते. तो रकाना तिला सगळा ‘बाबांचे’ असा भरावा लागला, आणि वही दाखवताना ती माझ्यावरच चिडली होती.